इंदुरातली मोठी आयटी कंपनी: दुसऱ्या अप्रेझलनंतरचा (कामाच्या मूल्यमापनानंतरचा) अनुभव

याआधी मी साउथ तुकोगंजमधल्या एका छोट्या फर्ममध्ये होते. तिथे पगार कधी सात तारखेला व्हायचा, कधी वीसला. आता तो महिनाअखेरीला न चुकता जमा होतो. ईएमआय भरणाऱ्याला याचं मोल वेगळं सांगायला नको.

पण या नोकरीने मला खरं काय दिलं, तर बाबांचा मेडिक्लेम. त्यांचा मधुमेह जुना. बाहेर स्वतंत्र पॉलिसी घेतली असती तर जुन्या आजारासाठी बहुधा काही वर्षं थांबावं लागलं असतं. आमच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत तो पहिल्या दिवसापासून धरला आहे. आईबाबांचा हप्ता माझ्या पगारातून कापतात. गेल्या पावसाळ्यात बाबांची अँजिओप्लास्टी झाली, ती कॅशलेस. आणि त्या रात्री मी इथे इंदुरातच होते. लोकमान्य नगरातली आमच्या आधीची कितीतरी मुलं शिकून पुण्याला गेली ती तिकडचीच झाली. इंदुरातल्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर टीसीएस, इन्फोसिस आल्यावर इथेच राहून नोकरी करायची सोय झाली. (माझी कंपनी या दोन्हींतली नाही.)

पॅकेजचा आकडा मात्र फोडून वाचा. समजा बेसिक (मूळ पगार) २५,००० आहे. पूर्ण बेसिकवर पीएफ कापत असतील तर तुमचे १२ टक्के म्हणजे ३,०००, कंपनीचे ३,०००, आणि ग्रॅच्युइटीचे (नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचे) ४.८१ टक्के म्हणजे साधारण १,२००. महिन्याचे हे ७,२०० सीटीसीत (कंपनी तुमच्यावर करते त्या एकूण खर्चात) दिसतात, हातात येत नाहीत. पीएफ निदान आपलाच असतो. ग्रॅच्युइटीला कायम नोकरीत सलग ५ वर्षं लागतात. व्हेरिएबल पे (पगाराचा कमीजास्त होणारा भाग) धरून घरखर्चाचा हिशेब करू नका.

कँटीन ठीक. रात्रपाळीला मुलींना घरापर्यंत कॅब मिळते, ती वेळेवर येते.

मला सगळ्यात जास्त लागलं ते अप्रेझल. एका बँकेचं जुनं सॉफ्टवेअर नव्यावर नेताना आमची टीम शनिवार-रविवारही बसली होती. मॅनेजरने माझं नाव वरच्या रेटिंगसाठी दिलं. ज्यांनी माझं काम कधी पाहिलं नाही अशा लोकांच्या बैठकीत ते खाली आलं, कारण वरच्या गटात ठरावीक टक्केच माणसं बसवायची असतात. मॅनेजरने हे मला स्पष्ट सांगितलं, म्हणून त्याच्याबद्दल आदर आहे. ही पद्धत मात्र अन्यायाची आहे असंच मी म्हणेन. माणसाला त्याच्या कामावरूनच जोखायला हवं. रेटिंगवर पगारवाढ ठरते, आणि ते असं खाली आलं की मनही उडतं. तीन महिन्यांच्या नोटीसमुळे दुसरीकडे जाणंही सोपं नाही. नवी कंपनी बहुतेक वेळा महिन्याभरात या म्हणते.

फ्रेशर असाल, शिकायचं असेल, तर जरूर या. कोड रिव्ह्यू, टेस्टिंग, डॉक्युमेंटेशन यांची शिस्त मला इथेच लागली.

ज्यांना आईवडिलांसाठी इंदूर सोडायचं नाही, त्यांनी ऑफर लेटरमधलं बदलीचं कलम आधी बघा. भारतात कुठेही पाठवण्याचा हक्क कंपनी राखून ठेवते. आमच्यातला एकजण प्रोजेक्ट संपल्यावर बेंचवर (म्हणजे हाती प्रोजेक्ट नसताना नुसता पगारावर) गेला आणि काही आठवड्यांत त्याच्यापुढे हैदराबादची बदली आली. तुमच्या कामाचे इथे किती प्रोजेक्ट आहेत आणि बेंचवर गेल्यास इथे किती दिवस थांबता येतं, हे एचआरला ईमेलवरच विचारा. होकार त्यांचं लेखी उत्तर आल्यावर द्या.