बाबांचा लेथ विकताना आमची झालेली फसवणूक, घरात जुनं मशीन असेल तर नक्की वाचा

बाबा जाऊन दीड वर्ष झालं. घरामागच्या शेडमधे त्यांचा लेथ होता, म्हणजे लोखंडाचा तुकडा फिरवत ठेवून त्याला हत्याराने आकार द्यायचं मशीन, त्यांच्याआधी त्यांच्या काकांनी वापरलेला, चपट्या पट्ट्यावर चालणारा, ओतीव पायांचा, आणि मला त्यातलं काहीही कळत नव्हतं. लहानपणापासून बघितलेला होता एवढंच. दादा लांब राहतो, त्यालाही वेळ नाही. ठेवायचा, विकायचा की कोणाला शिकायला देऊन टाकायचा यावर आम्ही सहा महिने नुसते फोनवर बोलत राहिलो आणि शेवटी मी एक फोटो काढून जाहिरात टाकली. एकच फोटो, तोही दारातून काढलेला. आमचं चुकायला तिथूनच सुरुवात झाली.

दुसऱ्याच दिवशी एक माणूस आला. बोलायला अतिशय चांगला. लेथवरून हात फिरवत म्हणाला, ताई, साहेबांनी मशीन किती जपलंय हो, अशी माणसं आता राहिली नाहीत. मला भरूनच आलं. त्याने जो भाव सांगितला तो आम्हाला वाटत होतं त्यापेक्षा चांगला होता, थोडा ॲडव्हान्स हातात दिला आणि बाकीचे गाडी घेऊन येईन तेव्हा देतो म्हणाला. निघताना त्याची नजर बाकाखालच्या दोन लाकडी पेट्यांवर गेली. एकीत दातेरी चाकं होती, लहानमोठी, ग्रीसने काळी झालेली. दुसरीत एक मोठी गोल प्लेट, चार जबड्यांचा चक (फिरवायचा तुकडा पकडून ठेवणारा), आणि मला नाव माहीत नसलेली बरीच लोखंडं. म्हणाला, ताई हे सगळं भंगार आहे, इथे पडून तुमची जागा अडलीये, जाताना घेऊन जातो. मीच त्याला पेटी उचलायला हात लावला.

पाच दिवसांनी तो गाडी आणि दोन माणसं घेऊन आला, त्यातला एक टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा कारागीर, आहे म्हणाला. त्या टर्नरने हेडस्टॉकचं, म्हणजे चक असतो त्या टोकाच्या भागाचं, कव्हर उघडलं, आत काहीतरी केलं, एक दांडा ओढला आणि मला म्हणाला, ताई तुम्हीच चक फिरवून बघा. मी दोन्ही हातांनी जोर लावला, चक जागचा हलेना. तो म्हणाला, स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारा कणा, जाम आहे, बेअरिंग गेलंय, खर्च मशीनपेक्षा जास्त येईल. मग लगेच दुसरा प्रश्न, आटे पाडायचे गिअर कुठे आहेत? मी म्हटलं ते तर तुम्हीच नेले की पेटीतून. तो पहिला माणूस इतक्या शांतपणे म्हणाला, अरे ते गेले हो ताई भंगारात, तुम्हीच दिलेत ना, आता गिअरशिवाय हे मशीन अपुरं आहे, वजनाच्या भावानेच जाईल.

तोपर्यंत त्यांनी पायांचे बोल्ट सोडवलेले होते, गाडी दारात उभी, ॲडव्हान्स मी घेतलेला, दादाचा फोन लागेना. मी हो म्हटलं. ठरलेल्या रकमेच्या चौथाईसुद्धा हातात आली नाही.

आता जे सांगते ते नीट वाचा. लेथ बाहेर काढताना त्यांनी आधी सॅडल, म्हणजे हत्यार धरणारा सरकता भाग, सरकवून पार टेलस्टॉकच्या, म्हणजे चकच्या समोरच्या टोकाच्या, बाजूला नेलं, म्हणजे हेडस्टॉककडचं वजन थोडं तोललं जावं. उचलायचा पट्टा बेडच्या, म्हणजे लेथच्या लांब पाठीच्या, खालून घातला, लीड स्क्रूला (आटे पाडताना हत्यार पुढे सरकवणारा लांब स्क्रू) कुठेही टेकू दिला नाही, मधे लाकडाचे ठोकळे सरकवले. आणि गाडीत चढवल्यावर त्या टर्नरने खिशातून ऑइलची छोटी बाटली काढली, फडकं भिजवलं आणि बेडच्या घासून चकचकीत झालेल्या भागावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लहान मुलाला पावडर लावावी तसं हलक्या हाताने पुसून घेतलं. मी दारात उभी राहून बघत होते. भंगारात जाणाऱ्या लोखंडाला कोणी तेलाचं फडकं मारतं का? तो विचार माझ्या डोक्यात आला तेव्हा गाडी सुरू झालेली होती.

नंतर बाबांचे जुने सहकारी भेटायला आले, आम्ही त्यांना काकाच म्हणतो, आयुष्य लेथवर गेलेलं. मी सगळं सांगितलं. स्पिंडल जाम होता म्हटल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, बॅक गिअर टाकला होता का त्याने? मला काय माहीत. मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. अशा जुन्या लेथला कमी स्पीडसाठी मागच्या बाजूला बॅक गिअर असतो. तो जोडायचा तर आधी स्पिंडलवर पक्क्या बसलेल्या मोठ्या बुल गिअरची पिन बाहेर ओढावी लागते, म्हणजे पट्ट्याची पुली स्पिंडलवर मोकळी फिरते. पिन तशीच आत ठेवून बॅक गिअर जोडला तर स्पिंडलला एकाच वेळी दोन वेगवेगळ्या स्पीडने फिरावं लागेल, ते शक्यच नाही, म्हणून सगळं जागेवर अडकतं. काहीही बिघडलेलं नसतं. दांडा मागे घेतला की चक पुन्हा बोटाने फिरतो. दहा सेकंदांची गोष्ट, आणि त्या दहा सेकंदांवर मी बाबांचा लेथ देऊन बसले.

मग काकांनी बाबांची वही मागितली. त्यात एका पानावर बाबांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, १ मिमी = ४० / १२७, १.५ मिमी = ६० / १२७, २ मिमी = ८० / १२७. मी ते पान आधी शंभरदा बघितलं असेल. काकांनी समजावलं की आपल्या लेथच्या लीड स्क्रूला इंचाला ८ आटे होते. इंचाला १६ आटे पाडायचे तर लीड स्क्रू स्पिंडलच्या निम्म्या वेगाने फिरवायचा, स्पिंडलकडे ३० दातांचा गिअर आणि स्क्रूवर ६० चा, झालं काम. पण मिलिमीटरमधले आटे हवे असतील तर इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याला पाचने गुणलं की १२७ येतात, आणि १२७ ही मूळ संख्या, तिचे तुकडे पडत नाहीत, त्यामुळे हिशोब बिनचूक जुळायला १२७ दातांचाच गिअर लागतो. बाकी चाकांनी जवळपास जमवता येतं पण बिनचूक नाही. तो मोठा गिअर पेटीत सगळ्यात खाली होता. मला आठवतंय, कारण पेटी उचलताना त्या माणसाने तो वर काढून बघितला होता आणि पुन्हा खाली ठेवला होता. दात मोजत होता बहुतेक.

दोन महिन्यांनी दादाला एका जाहिरातीत तोच लेथ दिसला. बारा फोटो, चक फिरतानाचा व्हिडिओ, आणि खाली लिहिलेलं, सर्व ॲक्सेसरीजसह, गिअरचा पूर्ण सेट. एका फोटोत गिअर फडक्यावर ओळीने मांडलेले होते आणि प्रत्येकावर तीन ठिपके होते. ते बाबांनी पंचाने ठोकलेले, त्यांच्या प्रत्येक हत्यारावर ते असायचे. मी फोन केला तर म्हणाला, ताई तुम्ही स्वखुशीने दिलंत, आणि ठेवला. तक्रार कशाच्या जोरावर करणार, पेट्या दिल्याची चिठ्ठी नाही, आधीचा भाव लिहून घेतलेला नाही, पेट्यांचा एक फोटो नाही.

म्हणून ज्यांच्या घरी असं मशीन आलंय त्यांना हात जोडून सांगते, शेडमधून एक खिळासुद्धा आधी बाहेर जाऊ देऊ नका. जुन्या लेथची बरीचशी किंमत त्याच्यासोबतच्या सामानातच असते, चेंज गिअर (आटे पाडायचे ते बदलायचे गिअर), फेसप्लेट (ती मोठी गोल प्लेट), फोर जॉ चक, स्टेडी (लांब कामाला द्यायचा आधार), कॉलेट (बारीक काम पकडायची नळी), आणि ते सगळं बघायला भंगारासारखंच दिसतं. मेकनुसार स्पिंडलच्या नाकाचे, म्हणजे चक बसतो त्या टोकाचे, आटे वेगळे, गिअरची मापं वेगळी, एकदा हरवलं की दुसरीकडचं सहज बसत नाही. बाकाखाली, फळीवर, कपाटात, खिडकीत, जिथे मिळेल ते एका ठिकाणी आणून फोटो काढा. मेकची पाटी आणि नंबर शोधा, काही मशीनवर, उदाहरणार्थ अमेरिकेच्या साउथ बेंडवर, तो बेडवरच टेलस्टॉककडच्या टोकाला ठोकलेला असतो. गंज दिसला म्हणून बेडला पॉलिश पेपर मारू नका, तेल लावून ठेवा. आणि मशीन चालतंय तोवरच कोणा जाणत्या टर्नरसमोर त्याचा व्हिडिओ घ्या, मग कोणी जाम आहे म्हणालं तर दाखवायला काहीतरी राहील. बेडची झीज ही मात्र खरी गोष्ट असते, चकच्या जवळ जास्त होते, त्यावरून कोणी भाव कमी करत असेल तर तो लगेच चोर ठरत नाही, पण ती झीज तुमच्या माणसाने बघायला हवी, घेणाऱ्याच्या माणसाने नाही.

दादा म्हणतो जाऊ दे आता. मला पैशाचं एवढं नाही वाटत, मला त्या तीन ठिपक्यांचं वाटतं.

बाबांचं ड्रिलिंग मशीन अजून शेडमधे आहे. परवा एक जण येऊन गेला, भाव चांगला सांगितला आणि खणातले ड्रिल बघून म्हणाला, हे बोथट झालेत, घेऊन जाऊ का. मी खण बंद केला आणि रविवारी या म्हटलं, त्या दिवशी काका येणार आहेत.