रिचर्ड हॅक्लुटचा प्रवासवृत्तांचा संग्रह : ग्लासगो आवृत्तीचे परीक्षण

‘ख्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स मराठी वाचकाला परके नाहीत. गोव्यात उतरल्यानंतर अवघ्या सतरा दिवसांनी, 10 नोव्हेंबर 1579 रोजी, त्यांनी लंडनमधल्या आपल्या व्यापारी वडिलांना एक पत्र लिहिले. ते पत्र आपल्याला वाचायला मिळते ते रिचर्ड हॅक्लुट या अँग्लिकन धर्मोपदेशकाने आपल्या संग्रहात छापले म्हणून. ‘प्रिन्सिपल नॅव्हिगेशन्स’ या नावाने ओळखला जाणारा हा संग्रह 1589 मध्ये प्रथम एका खंडात आणि पुढे 1598 ते 1600 या काळात तीन मोठ्या खंडांत निघाला. त्या दुसऱ्या आवृत्तीचे ग्लासगोच्या मॅकलहोज यांनी 1903 ते 1905 मध्ये बारा खंडांत केलेले पुनर्मुद्रण इंटरनेट आर्काइव्हवर मोफत उपलब्ध आहे, आणि हे परीक्षण त्याचेच आहे.

हॅक्लुट ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चचा विद्यार्थी. 1583 पासून पाच वर्षे तो पॅरिसमधल्या इंग्रज वकिलातीत धर्मोपदेशक होता आणि पुढे सफकमधल्या वेदरिंगसेट या गावाचा रेक्टर, म्हणजे तिथल्या चर्चचा मुख्य पाद्री, झाला. ज्या समुद्रांबद्दल त्याने हजारो पाने छापली, त्यांवर तो स्वतः कधी गेला नाही. फ्रेंचांच्या फ्लोरिडा मोहिमांवरील लोदोनियेर या फ्रेंच कप्तानाचे पुस्तक त्याने 1587 मध्ये इंग्रजीत आणले आणि 1609 मध्ये दे सोतो या स्पॅनिश सरदाराच्या अमेरिकेतील मोहिमेचे पोर्तुगीज वर्णन भाषांतरित केले. ही भाषांतरे महत्त्वाची असली तरी त्याचे खरे मोठेपण संपादनात आहे. दुसऱ्याचे अनुभव वितळवून स्वतःच्या भाषेत एकसंध ग्रंथ रचण्याचा मोह टाळून त्याने प्रत्येक खलाशाला, व्यापाऱ्याला आणि कैद्याला त्याच्या नावानिशी, त्याच्याच शब्दांत बोलू दिले.

स्टीफन्स यांचे पत्र याचा उत्तम नमुना आहे. 1585 च्या कायद्यानुसार इंग्लंडमध्ये राहणारा जेझुइट, म्हणजे स्टीफन्स ज्या कॅथलिक संघाचे होते त्या संघाचा, धर्मगुरू राजद्रोही ठरत होता, तरीही चारच वर्षांनी एका अँग्लिकन पाद्र्याने एका जेझुइटाचे पत्र छापले. मथळ्यात मात्र लेखकाच्या नावापुढे ओळख केवळ ‘एक इंग्रज माणूस’ एवढीच दिली आहे. पत्रात धर्मचर्चा फारशी नाही. लिस्बनहून एप्रिलमध्ये निघालेली पाच जहाजे, पूर्व-पश्चिम दिशेने किती अंतर कापले हे ठरवायला आकाशात कोणतीही स्थिर खूण नसणे, केप ऑफ गुड होपच्या आसपास दिसणारे पक्षी, आणि हिरड्या सुजवून सारे अंग ठणकायला लावणारा खलाशांचा आजार, हे सारे त्यांनी बारीक नजरेने टिपले आहे. हॅक्लुटचे निधन 1616 मध्ये झाले, आणि त्याच वर्षी गोव्यातल्या रायतूरला ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले.

कोकणाशी परिचय असलेल्या वाचकाने राल्फ फिच या इंग्रज व्यापाऱ्याचे वृत्त तर सावकाश वाचावे. फिच आणि त्याचे सोबती इराणच्या आखातातल्या होर्मुझला पोर्तुगीजांच्या हाती सापडले, गोव्याच्या तुरुंगात पडले आणि स्टीफन्स यांच्यासारख्यांच्या मध्यस्थीने जामिनावर सुटले. त्याच प्रवासात त्याने चौल पाहिले. समुद्राला लागून तटबंदीचे पोर्तुगीज गाव आणि थोडे वर निजामशहाच्या अमलाखालचे दुसरे गाव, अशी त्याची मांडणी आहे. तिथला माड त्याला जगातले सर्वांत फायद्याचे झाड वाटतो. दारू, तेल, साखर, शिरका, दोर, कोळसा, शाकारणी, शिडे, चटया, खराटे अशी यादी तो देतो आणि मग माडी कशी काढतात ते सांगतो : फांदी कापून घट्ट बांधायची, तिला मातीचे मडके अडकवायचे, आणि ते रोज सकाळ-संध्याकाळ रिकामे करायचे. शेणाने सारवलेल्या भिंतीही त्याने पाहिल्या आहेत. फिचने बराच मजकूर व्हेनिसचा प्रवासी चेझारे फेदेरिची याच्याकडून उचलला आहे, हे अभ्यासकांना ठाऊक आहे. पण हॅक्लुटने फेदेरिचीचे वृत्तही त्याच भागात छापल्यामुळे दोन्ही ताडून पाहता येतात, आणि ही सोय फार मोलाची आहे.

या संपादकाला निर्लेप मानणे मात्र चुकीचे ठरेल. काडिझ या स्पॅनिश बंदरावरील 1596 च्या स्वारीचे वर्णन, त्या स्वारीचा एक सेनानी अर्ल ऑफ एसेक्स याच्यावर राणी एलिझाबेथची मर्जी फिरल्यावर, पहिल्या खंडातून काढले गेले. इंग्रजांनी परदेशी वसाहती कराव्यात हा हॅक्लुटचा आयुष्यभराचा आग्रह होता, आणि ईस्ट इंडिया कंपनीनेही सुरुवातीच्या काळात त्याचा सल्ला घेतला. सर्वांत अस्वस्थ करते ती 1609 च्या भाषांतराची अर्पणपत्रिका. व्हर्जिनियाचे मूळ रहिवासी गोडीगुलाबीने वळले तर उत्तम, नाहीतर नेदरलँड्समध्ये तयार झालेले जुने शिपाई त्यांना पाथरवटासारखे घडवून धर्मोपदेशकांच्या हाती देतील, असे त्यात एक धर्मोपदेशक शांतपणे लिहितो. संग्रह वाचताना हे पान विसरू नये, असे मला आग्रहाने वाटते.

आवृत्तीबद्दल थोडे. जुने शब्दलेखन कायम ठेवल्याने पहिली काही पाने अडखळत जातात, आणि स्थलनामांवर स्पष्टीकरणाच्या टिपा जवळजवळ नसल्याने शेजारी नकाशा घेऊन बसावे लागते. बाराव्या खंडातील सूची मात्र भरवशाची आहे. संक्षेप हवा असल्यास जॅक बीचिंग यांनी संपादित केलेली पेंग्विनची एकखंडी निवड चालेल; परंतु ती काटछाट केलेली असल्याने संदर्भासाठी पुरेशी नाही. फिचसाठी पाचवा खंड उघडावा आणि स्टीफन्स यांच्या पत्रासाठी सहावा. अमेरिकेच्या मोहिमा शेवटच्या खंडांत आहेत, त्या नंतर वाचल्या तरी चालतील.