मापानुसार बनवून घेतलेले यूव्ही दिवे : उन्हाळा आणि पावसाळा उलटल्यानंतरचा अनुभव

गोव्यातील कुंडई औद्योगिक वसाहतीतील आमच्या छोट्या कारखान्यात विहिरीच्या पाण्याचे निर्जंतुकीकरण करणारी स्टीलची यूव्ही (अतिनील प्रकाशाची) यंत्रे तयार होतात, आणि बार्देश व सासष्टीच्या किनारपट्टीवरील हॉटेले आणि अतिथिगृहे ही आमची मुख्य गिऱ्हाइके आहेत. हॉटेलांच्या पंपघरांत जागा नेहमीच बेताची असते. ८४३ मिलिमीटर लांबीचा प्रचलित दिवा घ्यायचा, तर तो त्याच्या बाहेरच्या क्वार्ट्झ काचेच्या नळीतून सरळ ओढून काढण्यासाठी यंत्रापुढे जवळजवळ तेवढीच मोकळी जागा सोडावी लागते; ४३६ मिलिमीटरचा दिवा बसतो खरा, पण त्याचा प्रकाश पुरत नाही. म्हणून मधल्या, म्हणजे ६५० मिलिमीटर लांबीचे दिवे परराज्यातील एका उत्पादकाकडून बनवून घेतले. उन्हाळ्यात बसवलेले हे दिवे आता पावसाळा काढून बसले आहेत, तेव्हा त्यांच्याबद्दल काही खात्रीने लिहिता येईल.

दिवा बनवून घ्यायचा म्हटले की समोरचा पहिला प्रश्न विचारतो तो वॅटचा, आणि माझ्या मते मागणीपत्रातला सर्वांत कमी उपयोगाचा आकडा तोच आहे. वॅट म्हणजे दिव्याने घेतलेली वीज. जंतू मारतो तो २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश, आणि कमी दाबाच्या चांगल्या पारादिव्यात, म्हणजे पाऱ्याच्या वाफेच्या दिव्यात, विजेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याचाच असा प्रकाश होतो. तो हिस्सा दिव्याच्या तापमानावर, वयावर, चोकवर आणि काचेवर अवलंबून असतो. त्यामुळे आम्ही पत्रात वॅटऐवजी वेगळी मागणी लिहिली : सुरुवातीचे १०० तास चालवल्यानंतर २५४ नॅनोमीटरचे उत्सर्जन किती आणि ९००० तासांनंतर किती उरेल, हे दोन्ही आकडे लेखी द्यावेत, आणि ते आमच्याच चोकवर मोजलेले असावेत. यावर एका पुरवठादाराने उत्तरच दिले नाही. दुसऱ्याने ९००० तासांनंतर ८० टक्के उत्सर्जन उरेल असे लिहून दिले आणि मोजणीचे कागद जोडले. मागणी त्यालाच गेली.

लांबीचा मुद्दा वाटतो तितका सोपा नाही. दिव्याची एकूण लांबी आणि दोन इलेक्ट्रोडांमधले (टोकांशी असलेल्या, वीज सोडणाऱ्या तारांमधले) अंतर, ज्याला या धंद्यात आर्क लांबी म्हणतात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टी-५ जातीच्या, म्हणजे बारीक नळीच्या, दिव्यात दोन्ही टोके मिळून ७०-८० मिलिमीटरचा भाग प्रकाश देत नाही. म्हणजे ६५० मिलिमीटरच्या दिव्यात कामाचा भाग ५७० मिलिमीटरच्या आसपास राहतो, आणि स्टीलच्या कक्षात पाणी जिथून वाहते तो पट्टा याच भागासमोर आला पाहिजे. ड्रॉइंगवर आम्ही एकूण लांबी, आर्क लांबी आणि टोकापासून इलेक्ट्रोडपर्यंतचे अंतर अशी तिन्ही मापे फरकाच्या मर्यादेसह दिली. आर्क आखूड झाली की दिव्याचा व्होल्टेजही उतरतो, त्यामुळे ८४३ च्या दिव्याचा चोक इथे ‘चालतो’ एवढ्यावर भागत नाही; तो ठरावीक प्रवाह कायम राखणारा असावा लागतो. दिवा आणि चोक वेगवेगळ्या ठिकाणांहून घेण्याचा सल्ला मी कोणाला देणार नाही, कारण बिघाड झाला की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

काचेबाबतचा अनुभव मात्र कटू आहे. पाऱ्याच्या दिव्यातून १८५ नॅनोमीटरचा प्रकाशही निघतो आणि तो हवेतल्या ऑक्सिजनपासून ओझोन तयार करतो. साधे शुद्ध क्वार्ट्झ हा प्रकाश बाहेर सोडते, तर टायटॅनियम मिसळलेले क्वार्ट्झ त्याला अडवते. आम्ही पत्रात ओझोनविरहित काच स्पष्ट लिहिली होती; तरीही नमुन्याचे दिवे चाचणीच्या टेबलावर लावताच खोलीत तो उग्र, झोंबणारा वास पसरला. उत्पादकाचे म्हणणे असे की दिवा बाहेरच्या क्वार्ट्झ नळीत बंद असणार, मग काय फरक पडतो? फरक पडतो, कारण नळीच्या तोंडाची टोपी हवाबंद नसते आणि आतला ओझोन वायरचे आवरण व रबरी ओ-रिंग खात राहतो. नमुने परत गेले, योग्य काचेचे दिवे आले, पण त्यात मोक्याची वेळ हातची गेली. नमुना हाती आल्याशिवाय पूर्ण मालाचे पैसे भरू नयेत, हे मी त्यानंतर प्रत्येकाला सांगतो.

तापमानाचा विचार गोव्यात विशेष करावा लागतो. साध्या पारादिव्याची काच ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असताना उत्सर्जन सर्वाधिक असते. त्याहून गार झाली तरी उतरते आणि तापली तरी उतरते. विहिरीच्या पाण्यात, बाहेरच्या नळीमधल्या हवेच्या थरामुळे, हे गणित बऱ्यापैकी जमते. पण हॉटेलात रात्री दोन-तीन वाजता कोणी नळ सोडत नाही. कक्षातले पाणी तसेच उभे राहते, गरम होते, आणि पहाटे पहिला नळ सुटतो तेव्हा दिवा आपल्या ऐन क्षमतेवर नसतो. जास्त ताकदीच्या यंत्रांसाठी म्हणून आम्ही अमालगमचे दिवे मागवले. त्यांत मोकळ्या पाऱ्याऐवजी मिश्रधातूत बांधलेला पारा असतो आणि ते बरेच जास्त तापमान सोसतात. इथे एक गोष्ट फार थोडे लोक लिहून देतात : दिवा उभा बसणार की आडवा. अमालगमचा ठिपका दिव्याच्या आत कुठे चिकटवायचा हे त्यावर ठरते, आणि आडव्यासाठी बनवलेला दिवा उभा लावला तर तापल्यावर तो ठिपका जागा सोडू शकतो. आमच्या ड्रॉइंगवर बाण काढून ‘ही बाजू वर’ असे लिहिलेले आहे, आणि उत्पादकाने तशीच खूण सिरॅमिकच्या टोपीवर छापून पाठवली. ही काळजी मला आवडली.

वायरिंगबद्दल थोडक्यात. चारही पिना एकाच टोकाला घेतल्यामुळे दिवा एका बाजूने काढता-घालता येतो आणि भिंतीला टेकलेले यंत्र हलवावे लागत नाही. दुसऱ्या टोकाकडून परत येणारी वायर टेफ्लॉनच्या आवरणातलीच हवी. पीव्हीसी या प्रकाशात पिवळे पडून तडकते.

आता प्रत्यक्ष वापराचे. मान्सूनच्या तोंडावर किनारपट्टीवर वीज येते-जाते, आणि प्रत्येक वेळी दिवा पेटताना इलेक्ट्रोडवरचा लेप थोडा झिजतो. आधी फिलामेंट तापवून मग पेटवणारा चोक घेतल्याचा आणि वीज परतल्यावर थोडा वेळ थांबवणारा टायमर जोडल्याचा फायदा इथे दिसला : या दिव्यांची टोके अजून जवळजवळ स्वच्छ आहेत. कळंगुटकडच्या एका अतिथिगृहात जुन्या, झटक्यात पेटणाऱ्या चोकवर चालणाऱ्या दिव्याची टोके तेवढ्याच काळात काळी पडली आहेत. तिथल्या व्यवस्थापकांचे म्हणणे, “दिवा निळा दिसतो ना, मग चालू आहे.” या निळेपणावर विसंबणे धोक्याचे आहे. डोळ्याला दिसतो तो निळसर उजेड पाऱ्याच्या दुसऱ्या तरंगलांबींचा असतो; २५४ चा प्रकाश डोळ्याला दिसतच नाही आणि तो निम्म्यावर आला तरी दिवा तितकाच सुंदर निळा दिसतो. म्हणून प्रत्येक यंत्रावर तास मोजणारा मीटर आणि मोठ्या यंत्रांवर सेन्सर लावला आहे. सेन्सरचा आकडा खाली आला की आधी दिव्यावर नव्हे, नळीवर संशय घ्यावा.

याचे कारण आपल्या जमिनीत आहे. जांभ्या दगडातल्या विहिरींच्या पाण्यात लोह उतरते, आणि तापलेल्या क्वार्ट्झ नळीवर त्याचा तांबूस थर बसतो. आषाढातल्या पावसानंतर उघडलेल्या एका नळीवर बोट फिरवले तर हळदीसारखा डाग बोटाला लागत होता, आणि ती पुसताच सेन्सरचा काटा वर गेला. सायट्रिक आम्लाच्या पातळ द्रावणाने हा थर चांगला निघतो. आमच्या फिटरने माडीचा व्हिनेगर वापरून पाहिला. थर निघाला, पण व्हिनेगरचाच चिकटा मागे राहिला. दिव्याची काच मात्र उघड्या हाताने धरूच नये, आणि धरली गेली तर स्पिरिटने पुसल्याशिवाय पेटवू नये, कारण बोटांचे तेल काचेवर भाजून कायमचे बसते.

पिण्याच्या पाण्यासाठी ४० मिलिजूल प्रति चौरस सेंटीमीटर ही यूव्ही प्रकाशाची मात्रा सर्वसाधारणपणे धरली जाते, आणि आमची यंत्रे दिव्याच्या ९००० तासांनंतरच्या उत्सर्जनावर हिशेब करून त्या मात्रेला उतरतात. परंतु हा हिशेब स्वच्छ पाण्याचा आहे. भर पावसात गढूळ, रंग आलेले पाणी प्रकाश अर्ध्या वाटेतच शोषून घेते. तिथे दिवा कितीही चांगला असला तरी आधीचा ५ मायक्रॉनचा फिल्टर आणि लोह काढणारे भांडे यांना पर्याय नाही. शिवाय यूव्हीचा परिणाम कक्षाबाहेर उरत नाही, त्यामुळे गच्चीवरच्या टाकीत क्लोरीन ठेवावेच लागते. हे गिऱ्हाइकाला विक्रीच्या वेळीच सांगावे.

सुरक्षेत तडजोड नको. झाकण उघडताच वीज तोडणारा स्विच प्रत्येक यंत्रावर आहे, कारण उघड्या दिव्याकडे क्षणभर पाहिले तर लगेच काही वाटत नाही, पण काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते.

वाहतुकीत फुटण्याची भीती होती, पण अनमोड घाटातून ट्रकने आलेल्या मालात तक्रारीला जागा मिळाली नाही. प्रत्येक दिवा पुठ्ठ्याच्या नळीत, दोन्ही टोप्यांना फोमचा आधार देऊन आणि काचेला कशाचाही स्पर्श न होऊ देता बांधला होता. किंमत तयार दिव्यापेक्षा बरीच जास्त पडली आणि किमान संख्येची अटही होती, त्यामुळे ज्याची दोन-चारच यंत्रे आहेत त्याने यंत्राचीच लांबी प्रचलित दिव्याला जुळवून घ्यावी. आमच्यासारख्यांना, जिथे पंपघराची भिंत हलवता येत नाही, तिथे हा खर्च वसूल होतो. पुढच्या मागणीत मी दोन अटी वाढवणार आहे : हमी महिन्यांत न देता दिवा चाललेल्या तासांत आणि उरलेल्या उत्सर्जनात द्यावी, आणि पारा असलेले संपलेले दिवे नव्या मालाच्या गाडीनेच परत न्यावेत.