बिबडे, मांडे आणि पिंटरेस्ट: दहा महिने वापरल्यानंतर

मागच्या दिवाळीनंतर पिंटरेस्टवर, म्हणजे चित्रं शोधायच्या आणि जतन करायच्या साइटवर, खातं उघडलं, आता पोळा होऊन गेलाय. तिथे टाकलेल्या प्रत्येक चित्राला किंवा व्हिडिओला पिन म्हणतात. मी सुरुवात केली तेव्हा जो तो "रोज दहा पिन टाका" एवढंच सांगायचा, म्हणून म्हटलं आपलं काय काय झालं ते जरा सविस्तर लिहावं. जाहिरातीवर मी एक रुपया घातलेला नाही, त्यामुळे पैसे देऊन काय फरक पडतो ते इथे सापडणार नाही.

आमचं काम छोटं आहे. अमळनेरला घरातच बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया, नागलीचे पापड, कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ आणि काळा मसाला करतो. करतो म्हणजे सासूबाई आणि गल्लीतल्या तिघीजणी करतात. मी पुडे बांधते, पत्ते लिहिते आणि वेबसाइट सांभाळते. साइट भाच्याने बनवून दिली, तो धुळ्याला इंजिनीअरिंगला आहे. तिच्यावर मालाची पानं आहेत आणि पाककृती आहेत. पण तिथे येणार कोण? आमचे नातेवाईक, आणि तेही मी लिंक पाठवली की. इन्स्टाग्रामवर फोटोला लाइक बरे मिळायचे, पण दोन दिवसांत फोटो खाली गेला की संपलं, आणि पोस्टच्या मजकुरात टाकलेली लिंक तिथे दाबताच येत नाही.

पिंटरेस्टवर प्रत्येक चित्रामागे त्याची स्वतःची लिंक असते. कोणी ते चित्र आपल्या बोर्डवर, म्हणजे तिथल्या आपल्या संग्रहात, जतन केलं तरी लिंक सोबत जाते. एवढ्या एका गोष्टीवर मी तिकडे वळले. बिझनेस खातं फुकट आहे. साइट आपलीच आहे हे सिद्ध करावं लागतं, त्यासाठी ते एक छोटा कोड देतात, तो साइटच्या मुखपृष्ठाच्या कोडमधल्या "हेड" भागात टाकायचा. भाच्याने फोनवर बोलत बोलत दहा मिनिटांत केलं. हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण आपल्या साइटवरचं चित्र दुसऱ्या कोणी तिथे टाकलं तर त्याचे आकडे आपल्याला दिसतात ते यामुळेच.

पहिले दोन महिने मात्र पूर्ण फुकट गेले, आणि दोष माझाच.

इन्स्टाग्रामचे चौकोनी फोटो मी तसेच उचलून टाकले. इथे उभं चित्र लागतं, दोनास तीन प्रमाणात, साधारण 1000 बाय 1500 पिक्सेल. आमच्या चौकोनी पापडाकडे त्या उभ्या चित्रांच्या गर्दीत कोणाचं लक्ष जाणार? त्याहून मोठी चूक म्हणजे प्रत्येक पिनला मी मुखपृष्ठाची लिंक दिली होती. माणूस भरिताचा फोटो दाबून येतो आणि त्याच्यासमोर पापडांची किंमतयादी! तो लगेच परत जाणार, आणि गेलेच सगळे. आता भरिताच्या पिनची लिंक भरिताच्याच पानावर जाते. ऐकायला साधं वाटतं, पण मला हे कळायला संक्रांत उजाडली.

त्याच सुमारास जवळच्या एका मोठ्या गावातल्या, पिंटरेस्टचं काम करून देणाऱ्या एकाला तीन महिन्यांचे पैसे आगाऊ दिले. त्याने कुठून कुठून उचललेले फोटो वापरून दिवसाला पंधरा पिन टाकले. महिनाअखेरी त्याने मला जो तक्ता दाखवला त्यात "इम्प्रेशन्स"चा आकडा बघून मी पेढे वाटायच्या बेतात होते. भाच्याने तक्ता बघितला आणि विचारलं, "मामी, यातले साइटवर किती आले?" दोघांनी मिळून पाहिलं तर बोटावर मोजण्याइतके. पैसे परत मिळाले नाहीत. ते सगळे पिन मी एका रविवारी बसून काढून टाकले.

तेव्हापासून तक्ता वाचायला शिकले. इम्प्रेशन म्हणजे चित्र कोणाच्या तरी पडद्यावर आलं, त्याने बघितलंच असं नाही. सेव्ह म्हणजे जतन केलं. पिन क्लिक म्हणजे चित्र मोठं करून बघितलं. आउटबाउंड क्लिक म्हणजे तो चित्रावरून खरोखर आपल्या साइटकडे निघाला. मला भाव फक्त या शेवटच्या आकड्याला आहे. तोही गूगल अ‍ॅनालिटिक्सच्या, म्हणजे साइटवर आलेले लोक मोजणाऱ्या सोयीच्या, आकड्याशी तंतोतंत जुळत नाही, कारण पान उघडेपर्यंत काही जण कंटाळून निघून जातात. आमच्याकडे तर असे बरेच होते. मी कॅमेऱ्यातले भलेमोठे फोटो जसेच्या तसे साइटवर चढवले होते, पान उघडेपर्यंत चहा उकळून व्हायचा. फोटो लहान केले तेव्हा दोन्ही आकडे जवळ आले.

आता मांडे आणि बिबड्यांची गोष्ट.

फेब्रुवारीत सासूबाईंनी पुरणाचे मांडे केले. उलट्या खापरावर, चुलीवर. हातावर फिरवत फिरवत तो मांडा एवढा मोठा होतो आणि अलगद खापरावर पडतो, हे ज्याने बघितलंय त्यालाच कळेल. मी त्याचा छोटा व्हिडिओ टाकला. आमच्या खात्यावर आजवर सर्वांत जास्त बघितली गेलेली गोष्ट तीच आहे. त्यावरून साइटवर आले किती? जवळजवळ कोणीच नाही. सासूबाईंना घरी सगळे जिजी म्हणतात, त्यांना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "दखीसनच पोट भरनं त्यासनं!" म्हणजे बघूनच पोट भरलं त्यांचं. अगदी खरं. व्हिडिओत सगळंच दिसलं, साइटवर येऊन आणखी काय बघायचं? आणि पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये खापर आणि चूल आणणार कुठून?

दुसरा पिन मी अगदी वैतागून केला होता. एक गिऱ्हाईक सारखी फोनवर विचारायची की तुमचे बिबडे तळल्यावर तेलकट का होतात. ज्वारी भिजवून, आंबवून, दळून, शिजवून, घराच्या धाब्यावर (सपाट छपरावर) ओल्या धोतरावर थापून वाळवलेल्या त्या बिबड्यांचा सगळा दोष आमच्यावर! मी तिच्यासाठी एक पान लिहिलं: तेल किती तापलेलं असावं, बिबड्याला आधी ऊन का दाखवावं, डबा कसा बंद करावा. पिनवर एका बाजूला तेल पिऊन बसलेला बिबडा, दुसऱ्या बाजूला फुललेला, आणि वर जाड अक्षरात "बिबडे तेलकट होतात?" एवढंच. फोटो फार सुंदर नाही, कढईचा काठसुद्धा काळा दिसतोय. पहिले पाच आठवडे काहीच झालं नाही. मग हळूहळू सुरू झालं आणि अजून सुरू आहे. त्याच्या पाठोपाठ "कळण्याची भाकरी तुटते का?", "शेवभाजीचा रस्सा पातळ झाला तर" असे पिन केले. सध्या साइटवर पिंटरेस्टवरून दिवसाला पन्नास-साठ जण येतात, त्यातले अर्ध्याहून जास्त या तीन-चार पिनांवरून. अडलेला माणूस उत्तरासाठी येतो. म्हणून चित्रात अडचण दाखवायची आणि उत्तर पानावर ठेवायचं. मात्र पानावर उत्तर खरंच हवं, नाहीतर तो परत फिरकणार नाही.

पूर्ण पाककृती चित्रावरच छापण्याचा मोह मलाही झाला होता. असे पिन लोक भरपूर जतन करतात, पण साइटवर यायचं त्यांना कारणच उरत नाही. पाककृतीच्या पानाला ठरावीक पद्धतीची माहिती जोडली की पिनखाली साहित्य आणि लागणारा वेळ आपोआप दिसू शकतो, याला ते रिच पिन म्हणतात. तेवढं पुरे. कृती वाचायला साइटवर यावंच लागतं.

नावांबद्दल थोडं. आम्ही "कळण्याचं पीठ" म्हणतो, पण बाहेरचा माणूस ते शोधणारच कसा, त्याला तो शब्दच ठाऊक नाही. पिनच्या शीर्षकाला 100 अक्षरांची मर्यादा आहे, तेवढ्यात "कळणा" आणि "ज्वारी-उडदाची भाकरी" दोन्ही बसवते. वर्णनात तेच रोमन लिपीतही लिहिते, कारण आपली पोरं मराठी शब्दसुद्धा इंग्रजी अक्षरांत टाइप करतात. शोधायच्या चौकटीत "भरीत" लिहून थांबलं की खाली सूचना येतात, त्या वहीत उतरवून घ्या. लोकांचे शब्द तिथेच मिळतात. चित्रावरची देवनागरी जाड हवी. नाजूक वळणाचे टाइप मोबाइलवर मुंग्यांसारखे दिसतात. मी मुक्ता वापरते, गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे.

सणांच्या बाबतीत आपली सवयच मुळात चुकीची. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) चार दिवस आधी मी सांजोऱ्यांचा पिन टाकला, तो आखाजी होऊन गेल्यावर थोडा हलला. तोवर झोकेही सोडून ठेवले होते! मग कानबाईच्या वेळी शहाणपण आलं. कानबाई ही आमच्या खान्देशातली देवी, ती श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते. मी चौरंगाच्या सजावटीचे पिन ज्येष्ठातच टाकले. रोटांचा, म्हणजे तिच्या नैवेद्याचा, फोटो टाकायला जिजींनी चक्क नाही म्हटलं, घरातलं घरातच राहू दे म्हणाल्या, आणि मला ते पटलं. सजावटीच्या पिनांवरून मात्र त्या पंधरवड्यात बरीच माणसं आली. कुरडया घेतल्या त्यांतल्या दोघींनी. असो.

मे महिन्यात आणखी एक घोळ घातला. साइटवरच्या पानांचे पत्ते नीटनेटके करायची हुक्की आली आणि बिबड्यांच्या पानाचा पत्ता बदलला. जुना पिन मात्र जुन्याच पत्त्यावर लोक पाठवत राहिला, आणि त्यांना "पान सापडत नाही" एवढंच दिसत राहिलं. चार दिवसांनी लक्षात आलं. भाच्याने जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळण लावून दिलं तेव्हा गाडी रुळावर आली. इथे जुने पिन महिनोन्‌महिने जिवंत राहतात, म्हणून पत्ता बदलायचा तर आधी वळण लावा.

आता धंद्याचं खरं खरं सांगते. येणाऱ्यांपैकी पुष्कळ जण परदेशातले आहेत. अमेरिकेतल्या, इंग्लंडमधल्या आपल्या मुली माहेरचा पदार्थ शोधत येतात, पान पूर्ण वाचतात, ईमेल पाठवतात, आणि आम्ही तिकडे माल पाठवत नाही. जिजी विचारतात, "आपला बिबडा अमेरिकाले कसा जाई?" मलाही अजून उत्तर मिळालेलं नाही, कुरियरचा खर्च बिबड्याच्या किमतीपेक्षा जास्त होतो. गर्दी आणि गल्ला यांतलं अंतर बघून उन्हाळ्यात मी हे सगळं सोडून द्यायच्या विचारात होते. मग प्रत्येक पाककृतीच्या पानावर मधोमध, जिथे त्या पिठाचं किंवा मसाल्याचं नाव येतं तिथेच, खरेदीची लिंक दिली आणि वर स्पष्ट लिहिलं की माल फक्त भारतात पाठवतो. काळ्या मसाल्याच्या ऑर्डरी त्यानंतर वाढल्या. आठवड्याला आठ-दहा येतात, त्याही बहुतेक पुणे, नाशिक, ठाण्याच्या. ज्यांचं फक्त गावात गिऱ्हाईक आहे, मेस असेल, ब्लाउज शिवणं असेल, त्यांनी यात वेळ घालवू नये असं माझं मत आहे. त्यांना गल्लीतला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप जास्त कामाचा.

वेळेचं म्हणाल तर रविवारी दुपारी दोन तास. एका पानासाठी तीन वेगळी चित्रं करते, वेगळं शीर्षक, वेगळा कोन, आणि पुढच्या दिवसांच्या तारखा लावून ठेवते. रोज अ‍ॅप उघडायचं सोडून दिलंय, आकडे महिन्यातून एकदा बघते. आठवड्याला बघितले तर उगीच जीव खालीवर होतो.

भरिताची हिरवी वांगी बाजारात यायला अजून अवकाश आहे. तरी मागच्या हिवाळ्यात शेतात काढलेले फोटो, पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या काड्यांच्या) जाळावरची काळी झालेली वांगी, लाकडी बडगीत कुटलेलं भरीत, असे सगळे काढून ठेवलेत. यंदा या आठवड्यातच टाकायला घेतेय. वरचं वाक्यही ठरलंय: "भरिताला पाणी का सुटतं?"