मेडिकल कोडिंग: विमा क्लेमचं टेबल घ्यावं की क्लिनिकल ट्रायलचं?

बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर भागात बी.फार्म., नर्सिंग किंवा साधी बी.एस्सी. झालेल्या मुलामुलींच्या घरी हल्ली एक प्रश्न हमखास निघतो: मेडिकल कोडिंगचा कोर्स लावावा का? पण कोर्सची चौकशी करण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते. या एकाच नावाखाली दोन वेगळी कामं चालतात. एक हॉस्पिटलच्या बिलांचं, दुसरं औषधांच्या चाचण्यांचं, म्हणजे क्लिनिकल ट्रायलचं. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं आणि ठरलेल्या यादीतला नेमका कोड लावायचा, इथपर्यंत दोन्ही सारखी. त्यापुढे पात्रता, परीक्षा, रोजचा ताण, सगळं बदलतं. (कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंगशी दोन्हींचा संबंध नाही, हे आईवडिलांना आधीच सांगून ठेवा.)

फरक समजून घ्यायला एकच पेशंट घेऊ. मधुमेह आहे, रिपोर्टमध्ये साखर २६०.

हॉस्पिटल कोडिंगच्या टेबलावर हा पेशंट बहुधा अमेरिकेतला असतो, कारण आपल्याकडे येणारं बहुतेक काम तिथल्या विमा क्लेमचं आहे. आजारासाठी तिथे आयसीडी-१०-सीएम ही यादी १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे. डॉक्टरांनी केलेली तपासणी, शस्त्रक्रिया वगैरेंसाठी अमेरिकन मेडिकल असोसिएशनची सीपीटी ही यादी वापरतात. आता चार्टमध्ये, म्हणजे पेशंटच्या नोंदींत, २६० हा आकडा दिसला म्हणून कोडरला स्वतःच्या मनाने 'साखर वाढली' असा कोड लावता येत नाही. डॉक्टरांनी 'टाइप २ डायबेटिस विथ हायपरग्लायसेमिया' (म्हणजे साखर वाढलेली) असं लिहिलं असेल तर ई११.६५ हा कोड. 'पुअरली कंट्रोल्ड' लिहिलं तरी तोच. पण नुसतं 'अनकंट्रोल्ड' लिहिलं असेल तर साखर वर गेली की खाली आली, हे त्यातून कळत नाही. डॉक्टरांना विचारावंच लागतं. मधुमेहामुळे किडनी बिघडली असेल तर ई११.२२, त्याच्या जोडीला किडनीचा आजार कोणत्या टप्प्यावर आहे ते सांगणारा एन१८ मालिकेतला कोड, आणि इन्सुलिन कायमचं चालू असेल तर झेड७९.४. यातलं एखादं राहिलं किंवा चुकलं तर क्लेम नाकारला जाऊ शकतो किंवा पैसे कमी-जास्त मिळतात, आणि ऑडिटमध्ये ते तुमच्या नावावर येतं.

तोच पेशंट एखाद्या नव्या औषधाच्या चाचणीत असेल, तर कोडरसमोर चार्ट नसतो. साइटवरून, म्हणजे चाचणी जिथे चालते तिथून, भरून आलेला दुष्परिणामांचा फॉर्म असतो, आणि त्यात अनेकदा दोन-तीनच शब्द. इथली कोडची यादी, म्हणजे डिक्शनरी, मेडड्रा. तिला पाच पायऱ्या आहेत आणि सगळ्यांत वर २७ गट. फॉर्मवर 'ब्लड ग्लुकोज इन्क्रीज्ड' लिहिलं असेल तर नोंद तपासण्यांच्या गटात जाते. 'हायपरग्लायसेमिया' लिहिलं असेल तर चयापचयाच्या गटात. नुसतं 'ग्लुकोज २६०' आलं तर साइटला क्वेरी, म्हणजे खुलासा विचारणारा प्रश्न, पाठवायची. आकड्यावरून निदान काढणं कोडरचं काम नाही. इथे क्लेम परत येत नाही, पैसे अडकत नाहीत. पण एकच त्रास वेगवेगळ्या साइटवरून वेगवेगळ्या नावांनी कोड झाला, तर औषधाचा धोका मोजताना तो विखुरतो आणि लक्षात यायला उशीर होतो. मला हे काम महत्त्वाचं वाटतं ते यासाठी. या नोंदींच्या बेरजेवरच औषध सुरक्षित आहे की नाही, हे ठरतं.

पेशंट जी इतर औषधं घेतो त्यांची डिक्शनरी निराळी, डब्ल्यूएचओ-ड्रग. ती स्वीडनमधल्या उप्साला मॉनिटरिंग सेंटरकडून येते. तिथे ॲस्पिरिनची गोळी रक्त गोठू नये म्हणून चालू असेल तर एक वर्ग, डोकेदुखीसाठी घेतली असेल तर दुसरा. गोळी का घेतली, हा रकाना कोरा आला की पुन्हा क्वेरी. फार्मसीच्या मुलांना हे शिकवावं लागत नाही. फार्माकॉलॉजीत त्यांनी हेच वाचलेलं असतं.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. बी.फार्म., एम.फार्म., फार्म.डी. असाल तर आधी क्लिनिकलकडे बघा. मात्र तिथे 'कोडर' या नावाच्या जागा थोड्या असतात. बहुतेक कंपन्यांत कोडिंग हे डेटा मॅनेजमेंट (चाचणीच्या नोंदी सांभाळणं) किंवा फार्माकोव्हिजिलन्सच्या (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणं) टीममधलं एक काम असतं, त्यामुळे अर्ज त्या नावाने करावा लागतो. सुरुवात दुष्परिणामांच्या केसेस नोंदवण्यापासून झाली तरी वाईट वाटून घेऊ नका, रस्ता तोच आहे. नर्सिंग, फिजिओथेरपी, झूलॉजी, मायक्रोबायोलॉजीवाल्यांना हॉस्पिटल कोडिंगचं दार जास्त उघडं आहे. जागा अधिक, फ्रेशर घेण्याची सवयही अधिक. वॉर्डात काम केलेल्या नर्सला ऑपरेशनची नोट वाचताना जी सोय होते, ती पुस्तकातून येत नाही. बी.ए.एम.एस., बी.एच.एम.एस. झालेल्यांना दोन्हीकडे घेतात.

रोजच्या कामाची जात मात्र नीट समजून घ्या, कारण मुलं नोकरी सोडतात ती इथे. हॉस्पिटल कोडिंगमध्ये दिवसाला इतके चार्ट, असं टार्गेट असतं आणि अचूकता बहुतेक ठिकाणी ९५ टक्क्यांवर मागतात. नियम बारीक. बाह्यरुग्णाच्या चार्टवर डॉक्टरांनी 'प्रोबेबल न्यूमोनिया' लिहिलं तर न्यूमोनिया कोड करायचा नाही, खोकला-ताप अशी लक्षणं कोड करायची. दाखल झालेल्या पेशंटच्या डिस्चार्जवर तसंच लिहिलं तर मात्र तो आजार असल्याप्रमाणे कोड करायचा. असे नियम पाठ होऊन हातात बसायला वेळ लागतो. ज्याला एका जागी बसून, एका लयीत, चूक न करता काम उपसायला आवडतं त्याने हे घ्यावं. क्लिनिकलमध्ये तसा रोजचा आकडा कमी टोचतो. शब्द तंतोतंत जुळला की सॉफ्टवेअर स्वतःच कोड लावतं. माणसाकडे उरतात ते अडलेले शब्द. म्हणजे काम थोडं, पण प्रत्येक नोंदीवर विचार. आणि चाचणीच्या नोंदींचा डेटाबेस बंद करायची तारीख जवळ आली की रात्री उशिरापर्यंत थांबावं लागतं.

परीक्षेचं बघू. हॉस्पिटल कोडिंगला एएपीसी या अमेरिकन संस्थेची सीपीसी परीक्षा चालते: १०० प्रश्न, चार तास, कोडची पुस्तकं जवळ ठेवून, पास व्हायला ७० टक्के. अनुभव नसेल तर नावापुढे शिकाऊ म्हणून 'ए' लागतो, तो पुढे निघतो. सीपीटी दर १ जानेवारीला आणि आयसीडी दर १ ऑक्टोबरला बदलते, त्यामुळे वर्ष संपत आलं असताना कुणी जुनी पुस्तकं स्वस्तात देत असेल तर आधी परीक्षेची तारीख बघा. क्लिनिकलला अशी एक सर्वमान्य परीक्षा नाही. तिथे पदवी आणि मुलाखत बोलते. मेडड्राही वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरमध्ये, नवी निघते.

क्लासची फी भरण्याआधी एक करा. आयसीडी-१०-सीएमचे अधिकृत नियम अमेरिकन सरकारच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. मेडड्राच्या वेबसाइटवर शब्द कसा निवडावा याची मार्गदर्शिकाही फुकट आहे. दोन्ही उघडून आठवडाभर वाचा. कोणती वाचताना पुढचं पान उलटावंसं वाटतं, हे तुमचं तुम्हालाच कळेल. इंग्रजीची धास्ती घेऊ नका. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांना बोलण्याची अडचण असते; या कामात वाचणं लागतं, आणि ते पदवीपर्यंत तुम्ही केलंच आहे. बोलण्याची तयारी मुलाखतीपुरती करा. जाहिरातीत 'एआर कॉलिंग' असेल तर ते कोडिंग नव्हे, रात्री अमेरिकेत फोन करण्याचं काम आहे. 'शंभर टक्के नोकरी' म्हणणाऱ्याला एकच विचारा: गेल्या बॅचची मुलं कुठल्या कंपनीत, कुठल्या पदावर लागली? त्यांतल्या दोघांशी बोलल्याशिवाय पैसे देऊ नका. मूळ मार्कशीट तर कुणाकडेच ठेवू नका.

गाव सोडावं लागेल का? खरं सांगायचं तर दोन्हींसाठी पुणे किंवा बेंगळुरू धरून चाला. हॉस्पिटल कोडिंगच्या जागा हैदराबाद, चेन्नईकडेही भरपूर आहेत, आणि अनुभवानंतर घरून काम मिळण्याची शक्यता तिथेच जास्त. फ्रेशरला पहिल्या दिवसापासून घरून काम देतो म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. बेळगावातल्या हॉस्पिटलांत आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकच्या डेस्कवर आणि रेकॉर्ड विभागात कोडशी संबंध येतो. तो अनुभव उपयोगी आहे, पण अमेरिकन क्लेमच्या बरोबरीचा कुणी धरत नाही.

घरच्या अडचणीमुळे ज्यांना बाहेर जाता येत नाही, त्यांच्यासाठी बेळगावातच तिसरी वाट आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही: ट्रायलच्या साइटवर स्टडी कोऑर्डिनेटर किंवा फील्डचं काम. इथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजची या क्षेत्रातली परंपरा मोठी आहे. जिल्ह्यातल्या खेड्यांत १६२० बाळंतिणींवर झालेली मिसोप्रोस्टॉल या औषधाची चाचणी २००६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. बाळंतपणानंतरचा जास्तीचा रक्तस्राव नकली गोळीच्या गटात १२ टक्के जणींना झाला, औषधाच्या गटात ६.४ टक्के. पहिलटकरणींना कमी मात्रेची ॲस्पिरिन देऊन अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं कमी होतात का, हे पाहणारी सहा देशांतली चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली, त्यातही बेळगाव आणि नागपूर होतं. अशा कामात घरोघरी जाऊन मराठीत आणि कन्नडमध्ये विचारावं लागतं आणि इंग्रजीत नोंदवावं लागतं. सीमाभागातल्या मुलींना या तिन्ही भाषा येतात. दोनेक वर्षं असे फॉर्म भरलेली बी.फार्म.ची मुलगी पुढे पुण्यात डेटा मॅनेजमेंटच्या मुलाखतीला गेली, तर रकाना कोरा का राहतो आणि क्वेरी कशी लिहिली की साइटवरून उत्तर येतं, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही.