झेनोडो की संस्थेचं स्वतःचं डेटाव्हर्स?

मुठा आणि मुळा-मुठेच्या पाण्याच्या नोंदी (विठ्ठलवाडी, बंडगार्डन वगैरे) प्रकाशित करायच्या, तर पुण्यातल्या संशोधन गटापुढे या दोन वाटा. झेनोडो हे संशोधनाच्या फायलींचं ऑनलाइन भांडार, सर्न या युरोपीय संशोधन संस्थेचं, २०१३ पासूनचं, फुकट. एका संचाला मर्यादा साधारण ५० जीबी, १०० फायली. डेटाव्हर्स म्हणजे असं भांडार स्वतः चालवायचं सॉफ्टवेअर, हार्वर्डमध्ये घडलेलं, मुक्त स्रोत. पण सर्व्हर, बॅकअप, डीओआयचा (संदर्भात द्यायच्या कायमच्या ओळख क्रमांकाचा) खर्च सगळं तुमच्या गळ्यात. सर्व्हर बघायला कायमचा माणूस नसेल तर या वाटेला जाऊच नये.

खरी मेख आवृत्त्यांत. झेनोडो प्रत्येक आवृत्तीला वेगळा डीओआय देतं, शिवाय सगळ्यांचा मिळून एक, जो कायम ताज्या आवृत्तीकडे नेतो. निबंधात हा सामायिक डीओआय दिला, की वर्षभराने वाचक भलत्याच आकड्यांवर पोचतो. डेटाव्हर्समध्ये डीओआय एकच: वर्णन सुधारलं तर १.१, फाइल बदलली तर २.०. म्हणून संदर्भात आवृत्ती क्रमांक हवाच. शिवाय डेटाव्हर्स सीएसव्हीची (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या फाइलची) टॅब फाइल करतं. एमडी५ (फाइल बदलली नाही ना, हे तपासायचा सांकेतिक आकडा) जुळवायचा तर मूळ फाइलच उतरवा.

एक्सेलमधून साधी सीएसव्ही काढली की ‘विठ्ठलवाडी’च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग! ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा. प्रकाशनानंतर हे कळलं तर दोन्हीकडे सहसा नवी आवृत्ती काढणं आलं.