जुनी अ‍ॅटलस सायकल : वापरानंतरचा अभिप्राय
वडिलांकडून आलेली अ‍ॅटलसची २८ इंची काळी सायकल आजही आमच्या रोजच्या वापरात आहे. तिच्या दीर्घायुष्याचे खरे श्रेय जाड पोलादी नळ्यांच्या सांगाड्याला द्यावे लागेल, कारण त्याला तडा गेलाच तर गावातला वेल्डरही तो सांधू शकतो. झिजतात ते टायर, ब्रेकची रबरे आणि चेन; आणि ताणलेली चेन वेळेवर बदलली नाही, तर फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राचे, दातेही. पावसाळ्यानंतर हबमधले, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातले, छर्रे काढून, रॉकेलने धुऊन, नवे ग्रीस भरले की चाक पुन्हा हलके फिरते. तारेऐवजी सळईने ओढले जाणारे ब्रेक मात्र ओल्या रिमवर उशिराच लागतात. या जातीच्या सगळ्याच सायकलींचे ते दुखणे आहे. कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये बंद पडला, तरी सुटे भाग अजून मिळतात, कारण ते इतर बनावटीच्या सायकलींनाही चालतात.